चौकातल्या तीन कोनशिला

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं हे पत्र. लिहिणारे गृहस्थ पन्नाशीच्या पुढचे. बाजारपेठेच्या चौकात नगरपालिकेच्या गाळ्यात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. भाड्याची पावती अजून वडिलांच्याच नावाने येते. जुने गाळे पाडून दुमजली व्यापारी संकुल, वाहनतळ आणि रुंद रस्ता करणार, असं पंधरा वर्षांत तीन वेळा जाहीर झालं. तीनदा नारळ फुटला, तीन कोनशिला बसल्या. उभं राहिलं ते एक शौचालय, आणि त्यालाही कुलूप. आता चौथ्यांदा गाळेधारकांची बैठक बोलावली आहे आणि संमतीपत्रावर सह्या मागितल्या आहेत. त्यांनी अशा बैठकांना जाणं केव्हाच सोडलं आहे. थोरले भाऊ म्हणतात, सही करू नकोस. मुलगा म्हणतो, सही करा नाहीतर मला बेळगावात दुकान घालून द्या. दुकानाच्या मागच्या बाजूचे पत्रे गळतात, पण गाळा पाडणारच आहेत म्हणून सहा वर्षं दुरुस्ती केलेली नाही. शेवटी ते लिहितात, "आपण मराठी, म्हणून आपल्या चौकाला कुणी वाली नाही. सगळे चोर आहेत. विश्वास ठेवू की नको, एवढंच सांगा."

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातलं सव्वा पान तुम्ही त्या तीन कोनशिलांवर लिहिलं आहे. पहिली उसाच्या रसाच्या गाड्यामागं, तिच्यावर रसवाला लिंबं आणि आलं ठेवतो. दुसरीवर ज्यांचं नाव कोरलंय ते आज दुसऱ्याच पक्षात आहेत. तिसरीचा कोपरा टेंपोच्या धडकेनं उडाला आणि नेमकी तारीख तेवढी गेली. इतक्या बारकाईनं बघणारा माणूस पुढच्याच पानावर "मला आता काही वाटत नाही" असं लिहितो, ते मला पटलं नाही. तुम्हाला वाटतं. रोज सकाळी शटर वर करताना तुमची नजर त्या दगडांवर जाते.

तुमचा अविश्वास रास्त आहे. तीनदा तेच ऐकलेल्या माणसाला चौथ्यांदा टाळ्या वाजवायला मी सांगणार नाही. पण या अविश्वासापोटी तुम्ही दोन गोष्टी केल्यात असं तुम्हाला वाटतं. बैठकीला जाणं सोडलंत आणि पत्रे बदलायचं टाळलंत. जरा थांबून बघा. बैठकीला जात नाही, म्हणजे पालिकेवर तुमचा काडीचा विश्वास नाही. आणि पत्रे बदलत नाही, म्हणजे गाळा पाडणारच यावर पूर्ण विश्वास आहे! मनापासून अविश्वास असता तर सहा वर्षांपूर्वीच सुताराला बोलावलं असतंत. जिथं विश्वास ठेवून तोटा होतोय तिथं तुम्ही तो ठेवलाय, आणि जिथं हजर राहून काही पदरात पडलं असतं तिथून उठून आलात.

हे मी वरून बोलत नाही. माझ्या माहेरी, याच भागातल्या एका गावात, वडिलांचं किराणा दुकान होतं. मी पाचवीत असताना एक माणूस फीत आणि लाल रंगाचा डबा घेऊन आला, दुकानाच्या खांबावर एक आडवी रेघ ओढली, खाली आकडा घातला आणि गेला. रस्ता रुंदीकरण. दर दिवाळीला वडील दुकानाला चुना काढायचे. त्या खांबापाशी आले की कुंचला हळू करायचे आणि रेघेच्या भोवतीनं, अगदी देवाच्या कोनाड्याला जपावं तसा, फिरवायचे. रेघ पुसली तर सरकारी खूण पुसली म्हणून दंड होईल, ही भीती. दाराची खालची फळी कुजली तर नवी न बसवता डब्याचा पत्रा ठोकला. "जाणारच आहे ते, कशाला खर्च?" माझं लग्न होऊन मी बेळगावला आले तेव्हाही ती रेघ होती, गेरूसारखी फिकी झालेली. पुढं रस्ता रुंद झाला, पण समोरच्या बाजूनं. तोवर वडील नव्हते. आमच्या घराची मिळकत त्या रस्त्यानं खाल्ली नाही, त्या रेघेनं खाल्ली. म्हणून तुमच्या गळक्या पत्र्यांबद्दल वाचलं आणि मी आधी त्यावरच अडले.

आता तुमचा प्रश्न. विश्वास ठेवू की नको, याचं उत्तर माझ्याकडं नाही, कारण अजून तुम्हाला हेच माहीत नाही की विश्वास कशावर ठेवायचा आहे. "चौकाचा कायापालट" हे फलकावरचे शब्द झाले. पालिकेचं काम कागदावर एकेक पायरी चढत येतं. आधी सर्वसाधारण सभेत ठराव, मग पालिकेच्या अर्थसंकल्पात किंवा अनुदानाच्या कृती आराखड्यात तरतूद, तो आराखडा जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजूर, मग अभियंत्यांचं अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, मग निविदा, ठेकेदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी हुकूम, आणि काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंदी. नारळ यातल्या कुठल्याही पायरीवर फोडता येतो. नारळाला मंजुरी लागत नाही.

तर तुमच्या तीन नारळांपैकी कुठला कुठल्या पायरीवर फुटला होता? मला शंका आहे की पहिला निव्वळ ठरावावर, कदाचित ठरावाच्याही आधी फुटला असेल. शौचालय बांधलं गेलं याचाही अर्थ लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात आपल्यासारख्या गावांच्या पालिकांना मिळणाऱ्या रकमेतला ६० टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखून ठेवलेला होता. मोकळेपणानं वापरता येत होता तो ४० टक्के, आणि त्यावर रस्ते, दिवे, गटारं सगळ्यांची ओढ. त्यामुळं शौचालयाला पैसा निघाला आणि संकुलाला निघाला नाही. संकुलाला वेगळा स्रोत लागतो. राज्याची नगरोत्थानसारखी योजना, कर्ज, नाहीतर गाळेधारकांच्या अनामत रकमा. म्हणून बैठकीत पहिला प्रश्न विचारायचा तो हाच. पैसा कुठल्या खात्यातून, आणि तो मंजूर झालाय की मागितलाय? "मागितलाय" आणि "मंजूर झालाय" यांत आपल्याकडं दहा वर्षंसुद्धा जाऊ शकतात.

"सगळे चोर आहेत" हे तुमचं वाक्य मला कळतं, पण ते फार सोपं आहे, आणि चोरांना सोयीचंही आहे. सगळेच चोर म्हटलं की कुणा एकाला जाब विचारायची गरज उरत नाही. कामं रखडण्यात पैसे खाणं असतं, मी नाकारत नाही. पण नुसतं रिकामं पडणंही असतं. आठवून बघा, २०१८ च्या ऑगस्टअखेर राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांची निवडणूक झाली, नगरसेवक निवडून आले, गुलाल उधळला. पण नगराध्यक्षपदाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि नगराध्यक्ष बसायला २०२० साल उजाडलं. तोपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती. नगराध्यक्षांची पाळी ३० महिन्यांची. ती संपली आणि पुढच्या पाळीच्या आरक्षणासाठी पुन्हा २०२४ पर्यंत थांबावं लागलं. बेळगाव महापालिकेचंही तेच. २०१९ मध्ये मुदत संपली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये आणि महापौरांची निवड फेब्रुवारी २०२३ मध्ये. तुमच्या तिसऱ्या कोनशिलेची तारीख टेंपोनं नेली असली तरी ती या खंडाच्या अलीकडची की पलीकडची, हे शोधून बघा. अडीच वर्षांच्या खुर्चीवरचा माणूस पाच वर्षांचं काम हाती घेताना नारळ फोडण्याची घाई करतो आणि पुढचा आला की पहिल्याचा दगड त्याला नकोसा होतो. त्यातून आपल्याकडचा पाऊस. मे महिन्यात कार्यादेश निघाला तर दसऱ्यापर्यंत काम उभं राहत नाही, आणि दसऱ्यानंतर कुठली ना कुठली आचारसंहिता लागते.

मोठ्या शहरात पैसा आला म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही समजू नका. तुमच्या मुलाला ते वाटतंय, म्हणून लिहिते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. पाच वर्षांत केंद्राचे ५०० कोटी आणि राज्याचे तेवढेच, असा हिशेब होता. पाच वर्षांची योजना मुदतवाढ घेत घेत ३१ मार्च २०२५ ला संपली. कामं झाली. रस्ते झाले, टिळकवाडीतलं जुनं कलामंदिर पाडून तिथं संकुल उभं राहिलं. पण शहापूर भागातल्या एका रस्त्याची जागा रीतसर संपादन न करता घेतल्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये महापालिकेसमोर मोबदल्याचा मोठा प्रश्न उभा राहिला. पैसा होता, योजना होती, तरी कागद आधी पुरे झाला नव्हता. तुमच्या चौकात याचा धडा एवढाच घ्या की रस्ता "रुंद" होणार असेल तर तो कुणाच्या जागेतून, हे नकाशावर बोट ठेवून विचारायचं.

आता "आपण मराठी म्हणून". इथं मी सांभाळून लिहितेय, कारण ही जखम माझीही आहे. बैठकीची नोटीस फक्त कन्नडमध्ये, संमतीपत्र फक्त कन्नडमध्ये, आणि साठी उलटलेले गाळेधारक नातवाकडून वाचून घेतात, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि ते चूक आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत, एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार तक्रारीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. म्हणजे तुम्ही मराठीत निवेदन द्या, ते घेतलंच पाहिजे. संमतीपत्राचा मराठी अनुवाद मागा, लेखी मागा, आणि तो मिळेपर्यंत सहीला मुदत मागा. ही मागणी कुणाच्या विरोधातली नाही.

पण रखडलेल्या चौकाचं सगळं कारण तिथं आहे का? तुमच्याच पत्रात एका ओळीत तुमच्या शेजारच्या गाळ्यातले कापडवाले अण्णा येतात. कन्नडभाषक. त्यांच्याही दोन पिढ्या त्याच गाळ्यात गेल्या, त्यांच्याही माळ्यावर तेच पाणी गळतं, आणि तीन कोनशिलांवरची कन्नड अक्षरं त्यांना वाचता येत असूनही त्यांचं संकुल झालेलं नाही. मला मनापासून वाटतं ते सांगते. १९५६ पासून आपण एका मोठ्या प्रश्नाच्या, हा भाग महाराष्ट्रात की कर्नाटकात याच्या, निकालाची वाट बघतोय. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या लढ्याबद्दल मला आदर आहे, आमच्या घरातले लोक त्यात तुरुंगात गेले. पण या काळात आपण नगरसेवकाला मत देताना गटाराचं, बाजाराचं, पाण्याचं विचारायचं हळूहळू सोडून दिलं. तो आपला आहे ना, मग झालं. त्यानं पाच वर्षांत काय केलं हे विचारणं म्हणजे घरभेदीपणा वाटायला लागला. चौकाचा हिशेब मागितल्यानं सीमाप्रश्न कुठं पातळ होत नाही. अण्णांची आणि तुमची सही एका अर्जावर आली, तर त्या अर्जाला बाजूला सारणं कुठल्याही अधिकाऱ्याला जड जातं. "हे भाषेचं राजकारण आहे" ही पळवाटच उरत नाही. अण्णांना अर्ज कन्नडमध्ये लिहिता येतो, ही तर तुमची चंगळच आहे.

आणि तो अर्ज लागणारच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणून तो कन्नडमध्ये असलेला बरा. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, अशी मर्यादा आहे. पंधरा वर्षांचा राग त्यात मावत नाही, आणि मावलेला बराही नाही. शुल्क १० रुपये. लिहायचं एवढंच, की अमुक चौकाच्या संकुलाबाबत आजवर झालेल्या ठरावांच्या प्रती क्रमांक आणि तारखेसह, मंजूर अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरीची पत्रं, निविदा, कार्यादेश आणि आजअखेर झालेला खर्च, यांच्या प्रती मिळाव्यात. "काम का झालं नाही?" असं विचारू नका. "का" ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडं, तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. या कायद्यात कागदांइतकाच कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा, साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. ते कुलूपबंद शौचालय त्यासाठी चांगली सुरुवात आहे. निविदा तर अर्जाशिवायही राज्याच्या ई-खरेदी संकेतस्थळावर बघता येते. तुमचा मुलगा ते दहा मिनिटांत शोधेल. त्याला ते काम द्याच.

आता संमतीपत्र. इथं मला तुमची खरी काळजी वाटते, आणि ती तुमच्या पत्रात जवळजवळ नाहीच. तुम्ही सहज लिहून गेलात की पावती वडिलांच्या नावाने येते. वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मग उद्या खरंच गाळे पाडले आणि नव्या संकुलासाठी पात्र गाळेधारकांची यादी केली, तर त्या यादीत कुणाचं नाव येणार? जो माणूस हयात नाही त्याचं. आणि जो सही करतोय तो कागदोपत्री कोण? संकुल न होण्याची तुम्हाला एवढी धास्ती आहे, पण तुमच्यासाठी जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे ते होणं. आतापर्यंतच्या दिरंगाईनं तुमचा गाळा वाचवलाय असंही म्हणता येईल.

म्हणून बैठकीच्या आधी मूळ करारपत्र शोधा. वडिलांच्या ट्रंकेत, लग्नाच्या याद्यांच्या आणि विम्याच्या कागदांच्या खाली कुठंतरी असेल. वारसाची नोंद कशी करायची हे त्या करारावर आणि पालिकेच्या नियमांवर अवलंबून आहे, त्यासाठी स्थानिक वकिलांचे एक-दोन तास विकत घ्या. ते पैसे वाया जाणार नाहीत. आणि इथंच थोरले भाऊ येतात. ते "सही करू नकोस" म्हणतात, ते तुम्ही पालिकेवरच्या रागात धरलंय. पण वारस तेही आहेत. तुम्हाला बहीण असेल तर तीही. दुकान तुम्ही चालवता म्हणून गाळा तुमचाच, हे घरात कुणी कधी मोठ्यानं म्हटलंय का? कदाचित भाऊंच्या मनात भीती अशी असेल की तुमच्या एकट्याच्या सहीनं गाळा तुमच्या एकट्याच्या नावावर जाईल. ते बोलून दाखवायला त्यांना संकोच वाटत असेल. त्यांच्याकडं जा, पण सहीचा विषय घेऊन जाऊ नका. करारपत्र शोधायला मदत करा म्हणून जा. ट्रंक दोघांनी मिळून उघडा.

कागद हाती आला आणि घरात एकमत झालं, की मग संमतीपत्र वाचा. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही नको, हे तुम्हाला व्यापाऱ्याला मी काय सांगावं. बघायचं ते असं. नव्या गाळ्याचं क्षेत्र किती आणि कुठल्या मजल्यावर? भांड्यांचं दुकान वरच्या मजल्यावर गेलं तर पितळी घागर घ्यायला आलेली बाई जिना चढेल का? बांधकाम चालू असताना बसायचं कुठं, त्या पत्र्याच्या शेडला भाडं आहे का, आणि किती महिन्यांसाठी? मुदत उलटली तर काय, हे लिहिलंय का? बहुधा लिहिलेलं नसतं, आणि गाळेधारकांचा जीव जातो तो तिथंच. नवी अनामत आणि नवं भाडं ठरलंय की "नंतर कळवू" आहे? जुन्यांना आधी गाळा, की सगळेच लिलावाला? यातली उत्तरं कागदावर नसतील तर सही न करता लेखी पत्र द्या की आमची संमती या अटींवर आहे, आणि त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. म्हणजे तुम्ही हो म्हणालात, नाही म्हणाला नाहीत, आणि तरी हातचं काही सोडलं नाहीत. नुसतं गैरहजर राहण्यापेक्षा हे कितीतरी जड पडतं. उद्या "गाळेधारकच सहकार्य करत नाहीत" असं म्हणायला त्यांना जागा राहत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. चौकातल्या भाजीवाल्या बायकांना आधी हटवा, मग चौक सुधारेल, असं तुम्ही लिहिलंय. त्या पहाटेच्या बसनं टोपल्या घेऊन येतात, तुमच्या पायरीपाशी मिरच्यांचे वाटे लावतात, हे तुम्हीच सांगितलंत. वाहतुकीला अडचण होते हे खरं. पण त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत त्यांना उठवता येत नाही, आणि त्यांच्या जागा ठरवणाऱ्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांतून निवडलेले असावे लागतात. संकुलाच्या आराखड्यात त्यांचा कट्टा दाखवलाय का, हेही त्याच बैठकीत विचारा. त्यांना बाहेर ठेवून केलेला चौक पहिल्याच खटल्यात अडकेल आणि तुमचं शेडमधलं वास्तव्य वाढेल. शिवाय बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात पाऊल टाकणारी निम्मी गिऱ्हाईकं त्या मिरच्यांसाठी आलेली असतात. हे तुम्ही नीट जाणता, पत्रात लिहिलं नाहीत इतकंच.

राहिला मुलगा. त्याच्याविषयी मी फार बोलणार नाही, कारण त्याचं पत्र मला आलेलं नाही. पण "इथं काहीच होणार नाही" हे वाक्य तो कुठून शिकला, याचा एकदा विचार करा. जेवताना तुमच्याच ताटावरून ते पंधरा वर्षं ऐकलंय त्यानं. त्याला बेळगावला जायचं असेल तर जाऊ दे, पण खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत गाळ्याची पगडी, भाडं आणि तिथली भांड्यांच्या धंद्यातली चुरस याचा हिशेब त्यानं आधी वहीत मांडावा, आणि मगच जावं. पालिकेवरच्या रागानं गाव सोडू नये. आणि तुम्ही, त्याला अडवायचं म्हणून "आता संकुल होणारच" अशी खोटी आशा दाखवू नका. तसं केलंत तर चौकातली चौथी कोनशिला तुम्हीच बसवल्यासारखं होईल.

बैठकीला एकटे जाऊ नका. अण्णांना घेऊन जा, रसवाल्यालाही न्या, आणि मिरच्यावाल्या बायकांपैकी जी बोलकी असेल तिला. पुढं बसा. कोण काय म्हणालं ते मुलाला वहीत तारखेसह लिहून घेऊ दे, आणि संपल्यावर इतिवृत्ताची प्रत मागा. पहिल्या दोन बैठकांत काहीही हाती लागणार नाही. तिसरीला तुम्ही आत शिरलात की मुख्याधिकारी फाईल मागवून घेतील, एवढं व्हायला हवं.

आणि ते मागचे पत्रे. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत सुताराला बोलवा. पालिकेच्या गाळ्यात दुरुस्तीला परवानगी लागते का ते करारात बघा आणि लागत असेल तर चार ओळींचा अर्ज टाकून पोच घ्या. सगळं छप्पर काढायला नको, गळतात तेवढे बदला आणि खालची वाशाची कुजलेली टोकं बघून घ्या. गाळा पुढच्या वर्षी पाडला तरी पत्रे काढून शेडवर घालता येतात. माळ्यावरच्या पितळेच्या घागरी काळ्या पडायच्या थांबतील, आणि मृगाचा पाऊस आला की दुकानात बादल्या मांडत फिरावं लागणार नाही. मला पत्रानं कळवा, किती पत्रे लागले ते.